पाणी तीन वाटांनी येतं

पुणे,
दिवाळी पाडवा

चि. चिऊ,


तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले, लेबलंही मोठी करून वाचली. डिसेंबरात रतनवाडीहून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड असा तुझा बेत आहे. तंबूचं ओझं नको म्हणून बिव्ही बॅग घ्यायची आहे, आणि लेबलावर ‘५००० मिमी’ लिहिलेली दुसरी पिशवी तू मनातून जवळजवळ पक्की केली आहेस. पैसे भरण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. माझ्या मते ती दुसरी पिशवी घेऊ नयेस, आणि त्यामागचं कारण तुला नीट कळायला हवं, म्हणजे पुढची खरेदी तू कुणाला न विचारता करशील.

बिव्ही बॅग म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवायची जलरोधक खोळ. उघड्यावर झोपणाऱ्याकडे पाणी तीन वाटांनी येतं: वरून आभाळातलं, खालून जमिनीतलं आणि आतून आपल्याच अंगातलं. दुकानातली सगळी भाषा पहिल्या पाण्याची असते. तुझ्या वाटेवर डिसेंबरात पहिलं पाणी क्वचित येईल, दुसरं थोडंफार, तिसरं मात्र रोज रात्री हमखास. म्हणून निवड तिसऱ्या पाण्याकडे बघून करायची.

आधी तो ५००० चा आकडा समजून घे. कापडावर नळी उभी करून तिच्यात पाणी भरत जातात. पाण्याचा स्तंभ किती मिलिमीटर उंच झाला की कापडातून थेंब झिरपायला लागतात, तो हा आकडा. नुसत्या पावसाचा दाब फार नसतो, त्यामुळे वरच्या कापडाला दीड-दोन हजार पुरतात. खालच्या कापडाचं गणित वेगळं. ओल्या जमिनीवर तू कोपर टेकून उठलीस, समजा पंधरा किलो भार वीस चौरस सेंटिमीटरवर आला, तर तो दाब साडेसात हजार मिलिमीटर पाण्याइतका होतो. म्हणजे मोठा आकडा हवा तो तळाला. तुझ्या दुसऱ्या पिशवीत वर आणि खाली एकच कापड आहे, आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं. ते पाणी आत येऊ देत नाही हे खरं, पण बाहेरही जाऊ देत नाही.

आता तिसरं पाणी. घाम न येताही माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून सतत वाफ निघत असते. आठ तासांच्या झोपेत दोन्ही मिळून साधारण पाव लिटर धर. त्यातला निम्मा वाटा श्वासाचा. लेपाच्या पिशवीत तोंडासकट शिरून दोरी आवळलीस तर एक फुलपात्रभर पाणी रात्रीतून तुझ्याच पांघरुणात जिरेल. पहाटे बाहेरचं कापड दवाने ओलं, आतलं तुझ्या वाफेने ओलं, आणि मधली पिसांची स्लीपिंग बॅग गोळे होऊन चपटी. पिसं ओली झाली की फुगत नाहीत, आणि न फुगलेली पिसं ऊब देत नाहीत. पाऊस नसलेल्या रात्री माणसं कुडकुडत उठतात ती यामुळे.

यावर उपाय म्हणून वाफ सोडणारी कापडं निघाली. ही खोळ मुळात आल्प्समधली. मथियास झ्दार्स्की या ऑस्ट्रियन स्कीतज्ज्ञाचं नाव तिथल्या अशा पिशवीला जर्मन भाषेत आजही चिकटलेलं आहे. तिचा हेतू एवढाच होता की डोंगरात अडकलेला माणूस सकाळपर्यंत जिवंत राहावा. आरामात झोपण्याजोगी खोळ शक्य झाली ती नंतर. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोअर यांनी तापवलेलं टेफ्लॉन झटक्यात ताणून पाहिलं आणि असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा मिळाला. पाण्याच्या थेंबापेक्षा ही छिद्रं कितीतरी लहान आणि वाफेच्या कणापेक्षा कितीतरी मोठी. १९७६ पासून गोअर-टेक्स नावाने हे कापड बाजारात आलं. आज त्याच तत्त्वावरची इतरही कापडं मिळतात, त्यामुळे नावावर अडून बसू नकोस.

मात्र या कापडाच्या लेबलावरही एक आकडा असतो: एका चौरस मीटरमधून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ जाते. दहा हजार, वीस हजार. हिशेब केलास तर वाटेल, पाव लिटर म्हणजे किरकोळच! तरीही सकाळी आतून ओल सापडते. कारण असं, की वाफ आपोआप बाहेर पडत नाही. आत दमट आणि उबदार, बाहेर कोरडं आणि गार, असा फरक असला तरच ती ढकलली जाते. प्रयोगशाळेत तो फरक मोठा ठेवलेला असतो. डोंगरावर निरभ्र रात्री उघड्यावर पसरलेलं कापड आभाळाकडे उष्णता फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. मग वाफ बाहेर पडण्याआधीच कापडाच्या आतल्या बाजूला तिचे थेंब होतात. आकडा खोटा नसतो, पण तो तुझ्या रात्रीचा नसतो.

हे एकदा कळलं की पुढच्या तीन गोष्टी पाठ करायची गरज उरत नाही.

एक, तोंड बाहेर. कितीही थंडी वाजो, श्वास पिशवीत सोडायचा नाही. कानटोपी घाल, नाकापर्यंत मफलर घे, पण निम्मं पाणी बाहेरच जाऊ दे. लेपाच्या कापडातून हवाही खेळत नाही, त्यामुळे पूर्ण बंद करून झोपणं गुदमरण्याच्या दृष्टीनेही वाईट. आणि पिशवीच्या तोंडाशी स्टोव्ह कधीही पेटवायचा नाही.

दोन, झाडाखाली किंवा कड्याच्या पोटाला झोप. मोकळ्या पठारावर पहाटे सगळं दवाने निथळत असतं आणि आंब्याखालची जमीन कोरडी असते, हे तू पाहिलं असशील. झाड वरून आडोसा करतं आणि कापड तितकं गार होत नाही. ओढ्याच्या काठी झोपू नकोस, थंड हवा तिथे उतरून साचते. खिंडीतही नको, वारा झोपू देणार नाही. उतारावरची एखादी सपाट जागा या दोन्हींपेक्षा उबदार असते.

तीन, पावसाळ्यात बिव्ही बॅगेचा हट्ट नको. जुलैत सह्याद्रीत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, आतबाहेर फरक उरत नाही, आणि कितीही महाग कापड असलं तरी वाफेला जायला वाट राहत नाही. त्या दिवसांत गावातली पडवी, देवळाचा सभामंडप किंवा सरळ तंबू. याउलट पुढच्या वर्षी तू लडाखला गेलीस तर तिथल्या कोरड्या हवेत हेच कापड छान काम करेल. फक्त तापमान शून्याखाली गेलं की वाफ आतच गोठते आणि सकाळी हिमाचा भुगा झटकावा लागतो.

आता तुझ्या तीन फोटोंकडे येते.

पहिली, चकचकीत चंदेरी पातळ पिशवी, शंभरेक ग्रॅमची. ही झोपायची नाही, अडकल्यावर जीव वाचवायची. तरी ती घेच. पाय मुरगळला, वाट चुकली, अंधार पडला, अशा वेळी एका दिवसाच्या ट्रेकलाही ती पाठपिशवीच्या तळाशी असावी. दुसरीबद्दल सांगून झालं. तिसरी महाग आहे, लेबलावर मोठे आकडे नाहीत, म्हणून तू ती बाजूला टाकलीस. माझी पसंती तिला. तळ जाड, लेप दिलेला. वरचं कापड तीन थरांचं, वाफ सोडणारं. आणि तोंडाशी पूर्ण बंद होणारी जाळी. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास.

जाळीचं महत्त्व तुला विशेष सांगते. थंड देशांत ती चिलटांसाठी असते. आपल्याकडे तिचं कारण मण्यार आहे. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पांघरुणाशी येते, आणि तिचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा जाग येत नाही, खूणही सापडत नाही. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. थंडीत साप कमी हिंडतात, पण कमी म्हणजे नाहीतच असं नव्हे. शिवाय विंचू आहेत. जाळीची चेन शेवटपर्यंत लागते ना, कोपऱ्यात बोटभर फट राहत नाही ना, हे दुकानातच पाहा. झोपताना बूट पिशवीत बांधून ठेव, सकाळी झटकल्याशिवाय पाय घालू नकोस. तरी शंका आलीच तर घरगुती उपचारात वेळ न घालवता थेट रुग्णालय. प्रतिविष तिथेच मिळतं.

घेण्याआधी माप बघ. तुझी स्लीपिंग बॅग सोबत ने, दुकानातच फरशीवर अंथर आणि आत शिर. पिशवीची लांबी तुझ्या उंचीपेक्षा फूटभर जास्त हवी. आत कुशीवर वळ, गुडघे वर घे, हात छातीवर आण. गुडघ्याशी किंवा पावलांशी कापड ताणलं जात असेल तर तिथली पिसं दबली असं समज, आणि रात्री थंडी नेमकी तिथूनच शिरेल. उगीच ढगळही नको, रिकामी जागा तापवायला तुझ्याच अंगाची उष्णता खर्च होते. मग पिशवी उलटी करून शिवणी बघ. प्रत्येक शिवणीवर आतून सलग पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. नखाने हलकेच खरवड; पट्टीचं टोक उचललं जात असेल तर परत ठेव.

घरी आणल्यावर एक परीक्षा घे. कपात अर्ध्यापर्यंत कढत पाणी घे, पिशवीच्या वरच्या कापडाचा भाग कपाच्या तोंडावर ताणून रबराने बांध आणि त्यावर काचेचा गार ग्लास पालथा घाल. कापड वाफ सोडत असेल तर थोड्याच वेळात ग्लास आतून धुरकट होईल. तळाच्या कापडावर हेच कर. तिथे ग्लास स्वच्छ राहील. दोन कापडांमधला फरक डोळ्यांना दिसला की माझ्या सांगण्यावर विसंबायचं कारण नाही. त्यानंतर एक रात्र गच्चीवर झोप. आत कपडे बदलता येतात का, अंधारात चेन सापडते का, जीव कोंडल्यासारखा होतो का, हे घरच्या गच्चीवर कळलेलं बरं. कोंडल्यासारखं वाटलं तर लाज न बाळगता हलका तंबू घे. प्रत्येकाला खोळीत झोप लागतेच असं नाही.

वजनाचा हिशेबही पुरा कर. अवकाळी पाऊस आलाच तर नुसत्या खोळीत पडून राहणं हालाचं असतं. स्वयंपाक, सामान, कपडे बदलणं, सगळं उघड्यावर. म्हणून एक हलकी ताडपत्री बरोबर असावी, काठ्यांवर ताणता येईल अशी. पण खोळ, ताडपत्री, दोऱ्या आणि खुंट्या मिळून एकट्याच्या तंबूइतकं वजन होत असेल तर फायदा काय झाला? सगळं काट्यावर ठेव आणि मग ठरव. चटईचं सोपं आहे: फोमची बाहेर अंथर, म्हणजे कारवीची खुंटं आणि काटे तळाला टोचणार नाहीत, हवेची असेल तर आत घे, म्हणजे तीच फुटणार नाही.

वस्तू घेतल्यावर ती राखावी लागते. रोज सकाळी निघण्याआधी खोळ उलटी करून उन्हात टाक. चहा होईपर्यंतचं ऊन तिला पुरतं. ओली घडी बांधून नेलीस तर पुढच्या मुक्कामावर ओलीच उघडशील. घरी आल्यावर कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने धू. कपड्यांना मऊपणा आणणारी द्रव्यं वापरू नकोस, त्यांनी कापडाचा पाणी झटकायचा गुण जातो. आणि पावसाळ्यात ती कपाटाच्या तळाशी कोंबून ठेवू नकोस. आपल्या दमट हवेत लेप हळूहळू विरतो, चिकट होतो, वास मारतो, आणि असा लेप पुन्हा नीट होत नाही. कोरडी करून हवेशीर टांगून ठेव.

शेवटची गोष्ट वाटेची. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्काम कुठे करता येतो याचे नियम बदलत असतात, म्हणून रतनवाडीत आधी वनखात्याच्या माणसाला विचार, आणि कुमशेतला, पाचनईला गावकऱ्यांच्या कानावर घालून मगच पथारी टाक. खोळ लहान असते, तिचा मागमूस राहत नाही. तू निघालीस की जागाही तशीच राहिली पाहिजे. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, शेकोटी पेटवू नकोस.

तेव्हा ठरलं ते असं: चंदेरी पिशवी अडीअडचणीला, तिसरी खोळ झोपायला, दुसरी दुकानातच राहू दे. पावती जपून ठेव, गच्चीवरची रात्र काढ, आणि सकाळी आतून हात फिरवून कुठे किती ओल सापडली ते मला कळव. त्यावरून जागा आणि पांघरूण ठरवू, मग रतनवाडीची गाडी धर. ताईला काळजी वाटत असेल, तिला हे पत्र वाचायला दे. भावोजींना नमस्कार.

तुझी,
मावशी