अडीच सूत आणि आठ मिलिमीटर

माझं बालपण जबलपूरचं, वडील गन कॅरेज फॅक्टरीत फिटर. मी पुढे विमानांच्या देखभालीत गेलो. आता निवृत्त, म्हणून बोलायला मोकळा.

१. सारखे दिसणारे आटे सारखे नसतात, हे जबलपूरच्या पोराला लवकर कळतं. १९०४ची गन कॅरेज फॅक्टरी इंग्रजांची, तिथलं जुनं काम व्हिटवर्थ आट्यांचं. नंतर याच गावात बनलेला शक्तिमान ट्रक जर्मन परवान्याचा, मेट्रिक. एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. अडीच सुताचा नट आठ मिलिमीटरच्या बोल्टवर पहिला फेरा गुमान घेतो, मग अडतो. तिथे जोर लावणाऱ्याला वडील ‘पहिलवान’ म्हणत. कौतुकाने नव्हे.

२. आडवा भार आट्यांनी पेलायचा नसतो. अशा जोडात तो कोऱ्या, गुळगुळीत दांड्यावर यावा लागतो. आट्याच्या खाचेतून बरेचदा चीर सुरू होते. मी मात्र विमानांच्या कामाला लागेपर्यंत आट्यांनाच बोल्टचा कर्ता पुरुष समजत होतो.

३. नजर सरावली की जास्त धोक्याची होते. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच हवेत उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचला. नव्या काचेच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने बारीक निघाले. किती? इंचाचे २६ हजारांश, म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही. बसवणारा नवशिका नव्हता. त्याने अंधुक उजेडात जुना बोल्ट शेजारी धरून जोड शोधली होती, आणि ती काच बाहेरून बसवायची असल्याने आतल्या हवेचा सगळा दाब बोल्टांवरच होता. चिमटीत धरून माप सांगण्याची माझी ख्याती होती. या अपघाताचा अहवाल वाचल्यावर ती कला मी लग्नकार्यात पोरं रिझवण्यापुरती ठेवली.

४. टॉर्क रेंचचा काटाही अर्धंच सांगतो. लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो. उरलेला घर्षण खातं. आट्यांना तेल लागलेलं असेल तर काटा तोच राहतो, बोल्ट मात्र जास्त ताणला जातो. म्हणून कोरडं की तेलकट, हेही कागदावर लिहिलेलं असतं. मनगटाला कोणी विचारत नाही. सुरुवातीला हे अपमानास्पद वाटायचं.

५. बोल्टचं डोकं शक्यतो वर किंवा पुढे ठेवायचं: नट गळून पडला तरी बोल्ट भोकात टिकतो. शिवाय स्प्लिट पिन किंवा लॉक वायर असतेच. नियम करणाऱ्याने आमचा विसरभोळेपणा आधीच हिशेबात धरला होता. सवय इतकी जडली की घरच्या झोपाळ्यालाही मी लॉक वायर घातली. शेजारचे शर्माजी विचारतात, ‘काकाजी, ये उडेगा क्या?’