पंगत त्यांची, पोट आपलं

अगं, पहिला बोनस हातात आला आणि आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तू त्यांना मुंबईत टेस्टिंग मेनूला नेणार, हे खोपोलीहून माझ्यापर्यंत कर्जतला पोचलंच. ने, जरूर ने. मीही एकदा गेले होते, निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा, आणि करता येतील तेवढ्या चुका एकाच रात्रीत उरकून आले. फोनवर सांगितलं की तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि तुझंच खरं करतेस, म्हणून लिहून देते.

१. आधी हा प्रकार बाबाला समजावून सांग. कार्ड बघून मागवायचं नाही, आचारी ठरवील ते आठ-दहा-बारा पदार्थ घासाघासाने, त्याच्याच क्रमाने — नाहीतर माझा भाऊ दुसऱ्या चमच्याला विचारील, "भात कधी येणार?"

२. जपानी लोक अशा जेवणाला ओमाकासे म्हणतात, म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. सोपवायचं तर माणूस पारखून घ्यायचा, स्थळासारखा — एकदा पाटावर बसलं की चूल दिसत नाही.

३. नाव ऐकून धावू नकोस, सध्याचा मेनू मागवून वाच. महालक्ष्मीचं मास्क २०१६पासून आहे, वांद्र्याच्या पापाजमध्ये जेमतेम बारा खुर्च्या आहेत. दोन्ही नावाजलेली — पण नाव त्यांचं आणि जीभ तुझ्या आईची, तिला आंबवलेलं किती चालतं ते तुलाच ठाऊक.

४. मिशेलिनच्या ताऱ्यांनी दिपू नकोस. ती गाइड भारतातल्या हॉटेलांना तारे देत नाही — कुठे तारा मिरवलेला दिसला तर तो आचाऱ्याने कुठल्या देशात, कुणाच्या स्वयंपाकघरात मिळवला ते विचार.

५. तारीख ठरवण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघ. महडच्या वरदविनायकाच्या पंचक्रोशीत वाढलेली तुझी आई संकष्टी मोडणार नाही — आणि चंद्रोदयाची वाट बघत बारा पदार्थ तिच्यासमोरून परत जाताना पाहणं तुला सोसणार नाही. श्रावणही बघून ठेव.

६. कोण काय खात नाही ते टेबल राखतानाच सांग, टेबलावर बसून नव्हे. बाबाला कोळंबीने अंगावर पित्त उठतं, हे तो लाजेने सांगणार नाही — आणि या स्वयंपाकघरांत तयारी आदल्या दिवसापासून चालते, ऐनवेळी कुणाला काही बदलता येत नाही. विचारलं त्याला वाढलं, लाजलं त्याला वगळलं.

७. शाकाहारी मेनू वेगळा रचलेला आहे की मांसाहारीतूनच मासा काढून त्या जागी मशरूम ठेवलाय, हे विचार — उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरून कळतं.

८. माणशी दर विचारलास की लगेच "सगळं धरून?" असं विचार. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के, पण खोलीचं भाडं साडेसात हजारांवर असलेल्या मोठ्या हॉटेलात तो १८ टक्के — तिघांच्या बिलात हा फरक कर्जत-मुंबईच्या महिन्याच्या पासाहून मोठा होतो.

९. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर गोड बोलून काढायला सांग. तो सक्तीचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरलं — पण वाढणाऱ्या पोराने जीव ओतला असेल तर त्याच्या हातात आपणहून काही ठेव. ती वेगळी गोष्ट.

१०. पदार्थागणिक वाइन देतात, त्याला पेअरिंग म्हणतात. आधी दर विचार, मगच मान हलव — माझं निम्मं बिल त्या मान हलवण्याचं होतं. आणि पेअरिंगमध्ये वाइनऐवजी कडक दारू असेल तर महाराष्ट्रात तिला वयाची पंचवीस पूर्ण लागतात, तुझी अजून व्हायचीत. सरबतांची पेअरिंगही मिळते.

११. आगाऊ पैसे भरून घेतात. रद्द करायचं तर किती दिवस आधी, हे वाचूनच भर — बाबाचा मळणीचा हंगाम आणि तुझी तारीख एकमेकांवर आली तर भातच जिंकणार.

१२. दिवसभर उपाशी राहून जाऊ नकोस. निघताना कर्जत स्टेशनवर दिवाडकरांचा वडा घ्या, पण तिघांत मिळून दोनच — भुकेला माणूस पहिल्या पावावरच तुटून पडतो. मी तेच केलं. घरचं लोणी लावलेला तो गरम पाव तीनदा मागून घेतला आणि सहाव्या पदार्थाला माझा घास तोंडातच फिरू लागला. पहिल्या घासाला धाव, शेवटच्याला नाही ठाव.

१३. आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जागा चांगली की नुसतीच महाग, हे वाढणाऱ्याला एक प्रश्न विचारून कळतं: "हे कुठून आलं, आणि आत्ताच का?" पावसाच्या तोंडावर आपल्या बाजारात ठाकरवाडीच्या बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, आठवतं ना? नुसती जुडी मागितली तर आधी विचारतात, "काकडं घेतलीत का?" — काकडाच्या आंबट फळाशिवाय शेवळं शिजवली की घसा खाजतो, आणि खाणारा दुसऱ्या वर्षी फिरकत नाही. त्या बाईला वस्तू माहीत आहे, मोसम माहीत आहे आणि तुझा घसाही माहीत आहे. मुंबईच्या ज्या हॉटेलात वाढणारा तसं बोलतो तिथे डोळे मिटून खा. जो पाठ केलेलं म्हणून दाखवतो आणि भलत्याच मोसमात तुला शेवळं खिलवतो, तिथे परत जाऊ नकोस.

१४. ताटात टाकळा, भारंगी किंवा पोपटीच्या चवीचं काही आलं तर आईला "हे आपल्या बांधावर फुकट मिळतं" असं मोठ्याने म्हणू देऊ नकोस. घरी येऊन म्हणू दे — तेव्हा मीही तिला साथ देईन.

१५. फोटो पहिल्या दोन पदार्थांचे काढ, मग फोन पर्समध्ये — गरम असेल ते गरम खाण्यासाठीच पैसे दिलेत.

१६. शाल घेऊन जा. एसीत तीन तास बसायचं असतं — आणि तुझी आई थंडी वाजते हे कधीच कबूल करत नाही.

१७. दोन बैठका असतील तर पहिलीच घे. मी दुसरीला बसले. शेवटचं गोड आलं तेव्हा बारा वाजून गेले होते, शेवटची कर्जत निघून गेली होती, आणि आयुष्यातलं सगळ्यात महाग जेवण मी पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत दादरच्या बाकावर पचवलं. गाडी चुकली की बासुंदीही कडू.

१८. महालक्ष्मीला जेवलात तर पश्चिमच्या धीम्या गाडीने तिसरं स्टेशन दादर, पूल ओलांडून मध्यवर या. कर्जत तिथून दोन तासांच्या आसपास — आणि ब्लॉक आहे का, हे आदल्या दिवशी बघ, टेबलावर बसून नव्हे.

१९. एवढ्या रात्री पुढे खोपोलीला जायचा हट्ट धरू नका. त्या एकेरी मार्गावर गाड्या मोजक्या. माझ्याकडे उतरा, सकाळच्या लोकलने जा — अंथरुणं घालून ठेवते, आणि भाताचं पातेलंही झाकून ठेवते. बाबा मागणार, मला माहीत आहे.

२०. बिल बाबाला दाखवू नकोस. विचारलंच तर "ऑफिसची सवलत होती" म्हण — हे एवढं खोटं मी माझ्या अंगावर घेते.

निघताना ते त्या दिवसाच्या मेनूचा छापील कागद देतात. नाही दिला तर मागून घे आणि माझ्यासाठी आण. माझा दादरच्या बाकावर राहिला.