प्रॉक्सीला काय काय दिसतं?

भारतातली मालिका परदेशात दिसावी म्हणून तुम्ही एखादा फुकटचा प्रॉक्सी ब्राउझरमध्ये घातला असेल, तर एक विचार करा. त्याच ब्राउझरमधून बँकेचं खातं उघडलं, तर त्या प्रॉक्सीला काय दिसतं?

प्रॉक्सी हा मधला निरोप्या. तुमची मागणी आधी त्याच्याकडे जाते, मग तो ती पुढे पोचवतो. पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू होत असेल, तर तो सगळं वाचू शकतो, बदलूही शकतो. 'एचटीटीपीएस' असेल, तर ब्राउझर त्याला 'कनेक्ट' या आज्ञेतून फक्त संकेतस्थळाचं नाव आणि पोर्ट, बहुधा 443, सांगतो. पुढचा मजकूर कूटबद्ध असतो. म्हणजे तुम्ही कोणत्या बँकेत, कधी गेलात हे त्याला कळतं. पासवर्ड कळत नाही. पण त्याने दिलेलं प्रमाणपत्र संगणकात बसवलंत, तर ही कुलूपबंद पेटी त्याला उघडता येते. म्हणून ते बसवू नका, आणि ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला तर तिथेच थांबा.

आता तपासून पाहा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल आणि तळाशी नेटवर्क सेटिंग्ज; तिथे 'नो प्रॉक्सी' निवडलं की बदल फायरफॉक्सपुरताच होतो. क्रोम मात्र एरवी संगणकाचीच सेटिंग वापरतो, त्यामुळे तिथला बदल इतर प्रोग्रॅमनाही लागू होतो. एखादं एक्स्टेन्शनही प्रॉक्सी बदलू शकतं. ती यादीही बघा. ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रॉक्सी दिसला, तर आधी आयटी विभागाला विचारा. स्वतःच्या संगणकावर अनोळखी पत्ता दिसला, तर काढून टाका.