युक्त म्हणजे नेमकं किती?



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या १६ आणि १७ या श्लोकांवर. ध्यान, आसन, नजर कुठे ठेवायची असं सगळं चालू असताना भगवंत एकदम जेवणावर येतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. हा दुसरा भाग आपण विसरतो. मर्यादा म्हटली की आपल्याला उपासच आठवतो! इथे तर उपाशी राहणाराही नापास. शब्द आहे 'युक्त', म्हणजे बेताचं.

पण बेताचं म्हणजे किती, हे ठरवायचं कसं? आपल्या आयटीत याला उत्तरच नाही. गेल्या तिमाहीइतकाच नफा झाला तरी कॉलवर सगळ्यांचे चेहरे पडतात. देशाचंही तेच, वाढ थांबली की संकट. जमिनीखालचं पाणी मात्र दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढत नाही.

मला याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडलं, बागलाणात. तिथे मोसम आणि आरम या नद्यांवर, आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर, काहीशे वर्षं 'फड पद्धत' चालत आली. नदीवर बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडायचे. हे भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, एक-दोनांत हंगामी पिकं, एखादा पडीक, आणि पुढे ही पाळी फिरायची. बऱ्याच शेतकऱ्यांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असत, त्यामुळे उसाचा फायदा एकट्याच्या पदरात पडत नसे. पाणी सोडायला पाटकरी. पाऊस कमी झाला की गाव बसून उसाचं क्षेत्र कमी करायचं.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी किती आहे ते बघायचं, मग पीक ठरवायचं. आपण आधी पीक ठरवतो (किंवा फ्लॅट, किंवा गाडी) आणि मग पाणी शोधत खोल जातो. आणि फडातली माणसं काही व्रत म्हणून अर्धपोटी राहत नव्हती. ऊस होता, गूळ होता. फक्त तो किती, हे नदी सांगायची.

उगाच गोडवे गायला नकोत. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला होता, म्हणजे ज्याला जमीनच नाही त्याला वाटाही नाही. पुढे विहिरी, पंप, वरची धरणं आली, ज्याचं त्याचं पीक ज्याच्या त्याच्या मर्जीने होऊ लागलं आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले.

आमच्या सोसायटीचा बोअर उन्हाळ्यात आटला तेव्हा मीटिंगमध्ये चर्चा एकच, आणखी किती फूट खाली जायचं? आहे ते पाणी रोज किती लिटर आणि ते घरटी कसं वाटायचं, हे विचारलं एका आजींनी. त्या सटाण्याकडच्या. लोक हसले, पण पुढच्या आठवड्यात प्रत्येक विंगला पाण्याची वेळ ठरली आणि गाड्या धुणं बंद झालं. नवा बोअर अजून घेतलेला नाही.

आजचा अभ्यास एवढाच. तुमच्या सोसायटीत रोज किती पाणी येतं आणि कुठून, हे विचारून या. बहुतेकांना आकडा माहीत नसतो. मिळाला तर कमेंटमध्ये लिहा. उद्या श्लोक १८.