परदेशचे पर्यटन आणि वालूरची बारव

सुट्टीतील प्रवास हा आता केवळ धनिकांचा विषय राहिलेला नाही. परभणी, सेलू, गंगाखेड यांसारख्या गावांतील काही शिक्षक, व्यापारी व बागायतदार कुटुंबेही सहल कंपन्यांबरोबर सिंगापूर, दुबई वा युरोप पाहून येतात. परदेश पाहिल्याने दृष्टी विस्तारते, यात शंका नाही. परंतु परतल्यावर तिकडची स्वच्छता व शिस्त वर्णन करता करता "आपल्याकडे पाहण्यासारखे आहेच काय?" असा प्रश्न जेव्हा केला जातो, तेव्हा दोन भिन्न गोष्टींची गल्लत होत असते. स्थळाचे मोल ही एक गोष्ट आणि ते स्थळ पाहण्याची सोय ही दुसरी.

प्रथम मोलाचा विचार करू. कंबोडियातील अंकोरवाटचे मंदिर 12 व्या शतकातील आहे. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील मंदिरे आणि तेथील उंच कोरीव स्तंभ चालुक्य-यादवकालीन, म्हणजे सुमारे त्याच युगातील होत. विस्ताराच्या दृष्टीने या दोहोंची बरोबरी होणार नाही. परंतु कोरीव कामाचे कसब पाहावयाचे असेल, तर ते जिल्ह्याबाहेर न जाताही पाहता येते. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे, जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत आणि गंगाखेड ही तर संत जनाबाईंची जन्मभूमी होय.

आता सोयीचा विचार करू. परदेशी स्थळी आपल्याला जी व्यवस्था दिसते, ती अनेक वर्षांच्या परिश्रमाचे फळ असते. इंडोनेशियातील बोरोबुदूरच्या स्तूपाची दुरुस्ती युनेस्कोच्या साहाय्याने 1973 ते 1983 अशी दहा वर्षे चालली होती. अंकोरवाटच्या जतनाचे काम तर 1986 ते 1993 या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनीच केले. जे कौशल्य आपण परदेशात वापरू शकलो, ते स्वदेशी वापरता येणार नाही असे म्हणण्यास आधार नाही. शिवाय अतिपर्यटनाचा भारही ध्यानात घ्यावा. व्हेनिस शहराला 2024 साली ठराविक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांवर प्रवेशशुल्क बसवावे लागले. आपल्या बहुतेक स्थळांची अडचण याच्या नेमकी उलट, म्हणजे उपेक्षेची आहे.

स्वदेशी प्रवासाचा आणखी एक लाभ आहे. परदेशात आठ दिवसांत पाच शहरे पाहणारा प्रवासी मार्गदर्शक जे दाखवील तेवढेच पाहतो. स्वदेशात पुजाऱ्याशी, शेतकऱ्याशी, गावातील वृद्धांशी बोलता येते. पु. ल. देशपांडे यांनी युरोपच्या प्रवासावर 'अपूर्वाई' लिहिले. परंतु बंगालच्या ओढीने ते शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकले आणि त्यातून 'वंगचित्रे' हे पुस्तक झाले. पाहणे आणि ओळख होणे यांत जे अंतर आहे, ते येथे कळून येते. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांच्या रजा प्रवास सवलतीत 'महाराष्ट्र दर्शन'ची तरतूद आहे, तिच्यामागील हेतूही हाच असावा.

काय करता येते, याचे उदाहरण सेलू तालुक्यातील वालूर गावाने घालून दिले आहे. तेथील बारवेच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. अशी रचना क्वचितच आढळते. गाळ व झुडपे यांखाली दबलेली ही बारव अलीकडच्या वर्षांत ग्रामस्थांनी श्रमदानाने मोकळी केली, आणि मग बाहेरगावचे अभ्यासक व प्रवासी ती पाहण्यास येऊ लागले. बारव पूर्वीही तेथेच होती. फक्त ती दिसत नव्हती.

यावरून प्रत्येकाचे कर्तव्य स्पष्ट होते. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील जुनी मंदिरे, बारवा, शिलालेख व वीरगळ यांची नोंदवही ठेवावी, दिशाफलक लावावा आणि परिसर स्वच्छ राखावा. मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्याविना जुन्या दगडावर सिमेंट अथवा तैलरंग चढवू नये. राज्य संरक्षित वास्तूंच्या बाबतीत तर पुरातत्त्व विभागाची अनुमती आवश्यकच आहे. नांगरटीत वा खोदकामात मूर्ती सापडल्यास तहसीलदारांना त्वरित कळवावे. शिक्षकांनी वर्षातील एक सहल तरी जिल्ह्यातच न्यावी आणि विद्यार्थ्यांकडून स्थळाचे टिपण लिहून घ्यावे. अधिकाऱ्यांनी रस्ता, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह यांची सोय पाहावी. कारण कुटुंबासह येणारा प्रवासी प्रथम याच गोष्टी विचारतो.

1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. परदेश अवश्य पाहावा. तेथील शिस्त, माहितीफलक आणि प्रवाशाविषयीची आस्था डोळसपणे टिपून घ्यावी. परंतु त्या अनुभवाचा उपयोग गावच्या बारवेला झाला, तरच तो प्रवास जिल्ह्याच्याही कारणी लागला असे म्हणता येईल.