"किती मार्क पडले?" याच्या आधी काय विचारायचं?



पोर शाळेतून आलं, की दप्तर खाली ठेवायच्या आत आपण विचारतो, "किती मार्क पडले? बाई ओरडल्या का?" आपण काळजीपोटीच विचारतो. पण रोज हेच ऐकलं की पोराला वाटतं, शाळा म्हणजे आपण कमी पडतो ती जागा. मग सकाळी पोट दुखायला लागतं आणि एक दिवस ते म्हणतं, "मला नाही जायचं." म्हणून या महिन्याच्या बैठकीचा विषय आहे, शाळेतलं मन.

पूर्वी मानसशास्त्राचं लक्ष जास्त करून मनाच्या आजाराकडे असायचं. १९९८ साली अमेरिकेतले मार्टिन सेलिगमन म्हणाले, माणसात चांगलं काय आहे आणि ते कसं वाढतं, याचाही अभ्यास व्हायला पाहिजे. यालाच सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. ताप उतरवणं वेगळं आणि अंगात ताकद आणणं वेगळं, तसंच हे. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून नर्सरी ते आठवीच्या मुलांसाठी आनंदाचा तास सुरू झाला, तो याच वाटेवरचा. आपल्याला घरी आणि शाळेत काय करता येईल, ते बघू.

१. दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी
रात्री जेवताना पोराला विचारा, "आज चांगलं काय झालं? ते कशामुळे झालं?" सेलिगमन आणि सोबत्यांनी मोठ्या माणसांना आठवडाभर रोज रात्री अशा तीन गोष्टी लिहायला लावल्या. त्यांचा आनंद वाढलेला सहा महिन्यांनीही दिसला. हा अभ्यास २००५ साली छापून आला. आपणही आपल्या तीन गोष्टी सांगायच्या. आई सांगते, तेव्हा पोरही बोलतं.

२. हुशारीचं नाही, कष्टाचं कौतुक
१९९८ साली पाचवीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना म्हटलं, "तू हुशार आहेस." काहींना म्हटलं, "तू खूप मेहनत घेतलीस." पुढे अवघड कोडी दिली, तेव्हा हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली आणि मेहनतीची शाबासकी मिळालेली टिकून राहिली. म्हणून "चारदा खोडलंस, पण सोडलं नाहीस" असं म्हणा. "शेजारची बघ कशी" हे मात्र नको.

३. गुरुजी-बाईंचंही मन
दोन वर्ग एकाच वेळी सांभाळायचे, वर कागदपत्रं आणि सर्व्हे. शिक्षक थकले की वर्गही थकतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. म्हणजे ती जागा आपलीच आहे. तिथे जाऊन आधी शाळेत काय चांगलं झालं ते सांगायचं, मग अडचण मांडायची. बाईंनी वाचायला शिकवलं, तर तसं त्यांना तोंडावर सांगा. फक्त तक्रारीलाच शाळेची पायरी चढू नका.

पण एक लक्षात ठेवा
चांगलं बघायचं म्हणजे वाईट झाकायचं नाही. पोर गप्प झालं, झोपेत दचकायला लागलं, शाळेचं नाव काढताच रडलं, तर "हसत राहा" म्हणू नका. जवळ घ्या, ऐका, शाळेत जाऊन विचारा. मारणं आणि मानसिक छळ करणं या दोन्हींना कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. मुलांसाठी मदतीचा नंबर १०९८ आहे, तो गटाच्या वहीत लिहून ठेवा.

बैठकीत करा
बचत गोळा झाली की प्रत्येकीने सांगायचं, "माझ्या पोराचा एक चांगला गुण, मार्कांशिवायचा." कुणाला पटकन सुचलं नाही तरी हरकत नाही. तिने आठवडाभर पोराकडे नीट बघायचं आणि पुढच्या बैठकीत पहिलं तिनेच बोलायचं.