जुन्या को-ऑपमध्ये घर घेताना

न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये, दुसऱ्या महायुद्धाआधी बांधलेल्या एका लहानशा को-ऑप इमारतीत आम्ही राहतो. इथे घर शोधणाऱ्या ओळखीच्यांना मी आवर्जून सांगते त्या या गोष्टी.

१. आधी हिशेब वाचा, मग घर बघा. तुमच्या नावावर फ्लॅट होत नाही. संस्थेचे शेअर्स मिळतात आणि त्यांच्या जोरावर राहण्याचा करार. इमारतीवर कर्ज असेल तर त्याचा हप्ता आणि मालमत्ता करही तुमच्या मेंटेनन्समधूनच जातो. मागचे ताळेबंद मागून घ्या. गंगाजळी किती आहे, गच्ची कधी दुरुस्त केली, बॉयलर किती जुना, हे विचारा. लहान इमारतीत मोठा खर्च निघाला की वाटून घ्यायला घरं मोजकीच असतात.

२. एकाच पाइपावर चालणाऱ्या वाफेच्या रेडिएटरची चावी एक तर पूर्ण उघडी ठेवा, नाही तर पूर्ण बंद. ज्या पाइपातून वाफ वर येते, त्यातूनच तिचं पाणी होऊन खाली जातं. चावी अर्धवट ठेवली की पाणी तुंबतं आणि मध्यरात्री हातोडा मारल्यासारखे आवाज सुरू होतात. रेडिएटरला चावीच्या बाजूला किंचित उतारही लागतो. आमच्या सुपरने, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याने, दुसऱ्या टोकाच्या पायांखाली लाकडाच्या दोन चकत्या सरकवल्या आणि ठणठण थांबली.

३. स्वयंपाकघर किंवा बाथरूम सरकवायचा बेत असेल तर खरेदीआधीच विचारा. खालच्यांच्या झोपायच्या खोलीवर नळ आणायला बहुतेक संस्था परवानगी देत नाहीत.

४. दर्शनी खिडक्या मनाला येईल तशा बदलता येत नाहीत. १९९३ पासून या वस्तीचा मोठा भाग ऐतिहासिक म्हणून संरक्षित आहे. संस्थेबरोबर शहराच्या लँडमार्क्स आयोगाचीही परवानगी लागते. वेळ जातो, पण मला हा नियम मनापासून पटतो. त्याच्यामुळेच विटांचे हे जुने दर्शनी भाग शाबूत आहेत.

५. संस्थेच्या बोर्डावर जा. नवीन माणसाला घर द्यायचं की नाही हे बोर्ड मुलाखत घेऊन ठरवतं आणि नकाराचं कारण सांगायला ते बांधील नसतं. क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने ही वस्ती उभारली तेव्हा ज्यू आणि कृष्णवर्णीयांना इथे घर मिळत नसे. आज ७४व्या रस्त्यावर कढीपत्ता मिळतो म्हणून तो इतिहास पुसला जात नाही. त्यामुळे मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून काढावेत आणि प्रत्येक अर्जदाराला तेच विचारावेत, असा आग्रह मी धरला. आता आमच्याकडे तसंच होतं.